खोबरेल

पहिला माणूस फोनवरून बोलावला.
फोनवर अडीचशे म्हणाला होता,
दाराशी आल्यावर साडेतीन हजार,
आणि पिशवीतून थेट ड्रिलच काढलं.
कुलूप त्याने धड पाहिलंसुद्धा नाही.
राहू दे म्हटलं.
येण्याजाण्याचे शंभर घेऊन गेला.

ऐरोली, सेक्टर तीन, सिडकोची इमारत,
दुसरा मजला. मागे तिवरं, पलीकडे खाडी.
चौदा महिने बंद घर.
दसरा उलटून गेला तरी ब्लाउज पाठीला चिकटलेला,
जिन्याच्या कठड्याला हात लावावा
तर तळव्याला गंज.
किल्ली होती माझ्याकडे. तीच, लाल दोऱ्याची.
आत जात होती, फिरत नव्हती.

खालच्या किंजळकरबाई म्हणाल्या,
डेपोच्या भिंतीशी जोगासिंग बसतो, त्याला आण.

सायकलच्या रिंगला टांगलेल्या शेकडो किल्ल्या,
अजून एकही कुठल्या दाराची नाही.
छत्रीखाली कानस चालवत होता.
नांदेडकडचं मराठी.
"येतो की. पण आधी सांगा ताई, घर कुणाचं?"

माझं, म्हटलं.
मग म्हटलं, वडिलांचं.
"पाटीवर काय नाव?"
द. वि. पेठकर.
"आन् तुमच्या कार्डावर?"

माझ्या कार्डावर सव्वीस वर्षं दुसरंच आडनाव आहे.
लाइटबिल आत. त्यांचा मृत्यूचा दाखला आत.
रेशनकार्डावर माझं नाव आहे अजून,
कमी करायचं राहूनच गेलं,
तेही आत, पत्र्याच्या कपाटात.

हा माणूस भरवशाचा आहे का
हे बघायला मी आले होते,
आणि उन्हात उभी राहून
मीच पुरावे उपसत होते पर्समधून.
गोळ्यांची अर्धी पट्टी. सुटे पैसे.
वाशीच्या हॉस्पिटलची एक पावती:
पेशंट म्हणून त्यांचं नाव,
नातेवाईक म्हणून माझं.
ती त्याने सावकाश वाचली, नीट घडी घालून परत दिली.
"शेजारचं कुणी सही करंल का?"

किंजळकरबाईंनी सही केली.
लांबट वही, रेघा मारलेली:
तारीख, घर नंबर, कुलपाची जात, ओळख देणारा.
"कुठं घर फुटलं की पोलीस आधी आमच्याकडंच येत्यात,"
उकाडा फार आहे म्हणावं
तसं म्हणाला.

मग उकिडवा बसला.
हत्यार नाही काढलं. किल्लीच्या भोकाशी नाक नेलं.
"खोबरेल. कोण घालायचं?"

दर शनिवारी.
मारुतीला घालून उरलेलं,
बोटाने, थेंब थेंब,
बिजागऱ्यांना, कडीला, शेवटी कुलपाला.
खारी हवा आहे, म्हणायचे, लोखंडाची काळजी घ्यावी लागते.
आम्ही हसायचो.

तारेच्या टोकाला आतून जे आलं
ते डिंकासारखं, काळं, धूळ खाऊन घट्ट झालेलं.
"हेच की. लोक मायेनं तेल घालत्यात,
त्यानंच पिना धरून बसत्यात."
रॉकेल मारलं, फुंकलं, पुसलं.
पेन्सिलीचं शिसं ब्लेडने खरवडून
चिमूटभर भुकटी आत सोडली.
मी काहीच बोलत नव्हते.
त्याने एकदा मान वर करून पाहिलं.
"पर गंज न्हाई लागू दिला बघा आत," म्हणाला.
"खाडीच्या अंगाला असं आतून कोरं कुलूप
मी तरी बघितलं न्हाई."

ऐंशी रुपये. किल्ली तीच.
वीस परत द्यायला त्याच्याकडे सुटे नव्हते,
ते किंजळकरबाईंकडून मोडून आणून दिले,
आणि दार ढकलायच्या आधीच जिना उतरून गेला.
नंतर लक्षात आलं,
आत काय आहे हे त्याला बघायचं नव्हतं.

दाराआड, चपलांच्या फळीवर,
निळी बाटली, तोंडाशी काळवंडलेली चिंधी.
तळाशी दोन बोटं तेल, पिवळं पडलेलं.
झाकण उघडून वास घेतला. खवट.
ओतून टाकावी म्हणून मोरीपर्यंत नेली.

मग भिंतीवर वार बघितला.
कॅलेंडर मागच्या वर्षीचं.
मोबाइलमध्ये बघितला: मंगळवार.
बाटली होती तिथे ठेवली.